मायक्रोफायनान्स कंपनीतील नोकरी: वर्गात काय शिकलो, गावात काय शिकलो

पैनगंगाकाठ

गेल्या आठवड्यात माझ्या बहिणीच्या मुलाचा फोन आला. तो गरीब कुटुंबांना छोटी कर्जे देणाऱ्या एका मायक्रोफायनान्स कंपनीत फिल्ड ऑफिसर म्हणून नुकताच रुजू झाला आहे आणि वर्गातले प्रशिक्षण संपवून येत्या सोमवारी शाखेत जाणार आहे. "मामा, सगळे शिकवले, पण एखाद्या बाईला कर्ज नाकारायचे असेल तर तिच्या दारात उभे राहून काय बोलायचे, ते कोणीच सांगितले नाही," असे तो म्हणाला. मी स्वतः २०१३ ते २०१९ अशी सहा वर्षे यवतमाळ जिल्ह्यात हेच काम केले. त्याच्या प्रश्नाचे नीट उत्तर मलाही फोनवर देता आले नाही, म्हणून हा धागा काढतो आहे. ज्यांनी वित्तीय कंपन्यांत काम केले आहे, प्रशिक्षण घेतले किंवा दिले आहे, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत.

माझे प्रशिक्षण नागपूरला झाले. सात दिवस वर्ग आणि पाच दिवस शाखा. बांगलादेशात चितगावजवळच्या जोब्रा गावी मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगापासून ते २०१० मध्ये आंध्र प्रदेशात कर्जवसुलीवरून उद्भवलेल्या संकटापर्यंत, आणि त्यानंतर आलेल्या, रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मालेगाम समितीच्या अहवालापर्यंत, सारा इतिहास दोन दिवसांत सांगून झाला. मग संयुक्त जबाबदारी गट, म्हणजे एकमेकींच्या हप्त्याची जबाबदारी घेणाऱ्या महिलांचा गट, कसा बांधायचा, गटाचे सक्तीचे प्रशिक्षण म्हणजे सीजीटी कसे घ्यायचे, शाखाधिकारी गटाची परीक्षा म्हणजे जीआरटी घेतात तेव्हा महिलांना काय विचारतात, केवायसीची कागदपत्रे कशी तपासायची, केंद्राच्या, म्हणजे गावातल्या गटांच्या एकत्र, बैठकीत हप्ते वेळेवर भरण्याची प्रतिज्ञा कशी म्हणवून घ्यायची आणि नोटा कशा मोजायच्या, हे शिकवले. यातले काहीही निरुपयोगी नव्हते. मात्र बैठकीला न आलेल्या बाईच्या घरी गेल्यावर तिचा नवरा अंगणात दारू पिऊन बसलेला असेल तर काय करायचे, याविषयी एक शब्दही कोणी बोलले नव्हते.

खरे शिक्षण मला ज्येष्ठ सहकाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मिळाले. ते गृहभेटीला गेले की आधी हेल्मेट काढून ओसरीवर बसत, पाणी मागून पीत आणि मुलाबाळांची, पिकाची चौकशी करत; अर्ज पिशवीतून बाहेर काढायला त्यांना पंधरा मिनिटे लागत. त्या पंधरा मिनिटांत त्यांची नजर घरभर फिरलेली असे. गोठ्यात जनावरे किती, खताची पोती उधारीची की रोखीची, आणि विशेष म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात इतर कंपन्यांची कर्जकार्डे किती आहेत, हे ते पाहून घेत. कर्जदारांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोच्या अहवालात इतर कंपन्यांची कर्जे दिसतात, पण सावकाराचे देणे दिसत नाही, भिशी दिसत नाही आणि बचत गटातून घेतलेले कर्जही पुष्कळदा दिसत नाही, हे मला त्या कोनाड्यांनी शिकवले.

दुसरी गोष्ट नोटाबंदीची. ८ नोव्हेंबर २०१६ नंतरचे आठवडे मी विसरू शकत नाही. कापसाची वेचणी ऐन भरात होती, महिलांच्या हातात मजुरीचे पैसे होते, पण ते जुन्या पाचशेच्या नोटांत होते आणि आम्हाला त्या नोटा घेण्याची परवानगी नव्हती. रिझर्व्ह बँकेने छोट्या कर्जांच्या थकबाकीच्या वर्गीकरणासाठी, म्हणजे कर्ज थकीत कधी धरायचे यासाठी, आधी ६० आणि नंतर आणखी ३० दिवसांची सवलत दिली. ती सवलत कंपन्यांच्या हिशेबापुरती होती, परंतु गावात तिचा अर्थ हप्ते भरायचे नाहीत असा झाला. त्यानंतर फेब्रुवारी २०१७ मध्ये जिल्हा परिषदांच्या निवडणुका आल्या आणि कर्ज माफ होणार असल्याची बातमी गावोगाव पसरली. विदर्भात त्या काळात वसुली किती घसरली, हे या क्षेत्रातल्या सर्वांना ठाऊक आहे. ज्या केंद्रात तीन वर्षांत एक हप्ता चुकला नव्हता, तिथे तीस बायकांसमोर उभा असताना मला विचारले गेले, "साहेब, माफ झालेले पैसे तुम्ही का मागता?" मला उत्तर देता आले नाही, कारण ती सवलत म्हणजे नेमके काय, हे कंपनीने आम्हाला दोन ओळींच्या संदेशापलीकडे समजावलेच नव्हते. वरच्यांना जे कळते ते खालच्या माणसाला त्याच दिवशी कळवणे हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे.

माणदेशी

पैनगंगाकाठ, आपण फार महत्त्वाचा विषय काढलात. मी सांगली जिल्ह्यात आटपाडी आणि जत भागात साडेतीन वर्षे फिल्ड ऑफिसर होते. आमच्या तुकडीत बावीस जण होते आणि त्यांत महिला फक्त तीन. कर्जदार सगळ्या महिला आणि अधिकारी जवळजवळ सगळे पुरुष, ही या व्यवसायाची रचनाच मला पहिल्या दिवसापासून खटकली.

प्रशिक्षणात आमच्यासाठी वेगळे असे काही नव्हते. केंद्राची पहिली बैठक सकाळी सातला असे, म्हणजे मला साडेपाचला घर सोडावे लागे. दिवसभरात चार केंद्रे, दोन-तीन गृहभेटी आणि संध्याकाळी शाखेत रोकड जुळवणे, एवढ्या वेळात शौचालय कुठे मिळणार हा प्रश्न मी प्रशिक्षकांना विचारला तेव्हा वर्गात शांतता पसरली. माझी चेष्टा करण्याची कोणाची इच्छा नव्हती, हे मी मान्य करते. त्यांनी तो विचारच कधी केला नव्हता. शेवटी ही सोय मला माझ्या कर्जदार महिलांनीच करून दिली. प्रत्येक मार्गावर एक घर असे होते की जिथे मी हक्काने जाऊ शकत होते. त्या ताईंचे उपकार मी आजही मानते.

मी बाई असल्यामुळे जे मला कळले, ते माझ्या पुरुष सहकाऱ्यांना कळत नव्हते. कर्ज नवऱ्याला न सांगता घेतले आहे, की नवऱ्यानेच दमदाटी करून घ्यायला लावले आहे, की पैसे जावेने वापरले आणि हप्ता मात्र हिच्या नावावर आहे, हे चुलीपाशी बसल्यावर पाच मिनिटांत समजते. एकीच्या नावावर दुसरीने कर्ज उचलण्याचा प्रकार अर्जातून किंवा ओटीपीतून सापडत नाही. त्यासाठी त्या बाईला विश्वासाने बोलावेसे वाटले पाहिजे, आणि असा विश्वास कसा मिळवायचा हे कोणत्याही पुस्तिकेत नव्हते.

शिकवण्याची पद्धत बदलू शकते, याचे उदाहरण आमच्या माणदेशातच आहे. म्हसवडच्या महिलांनी बँक काढायचे ठरवले तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक महिलांपैकी बऱ्याच जणी निरक्षर होत्या. त्या महिला साक्षरतेच्या वर्गाला बसल्या, पुन्हा अर्ज घेऊन गेल्या, आकडेमोड तोंडी करून दाखवतो असे अधिकाऱ्यांना म्हणाल्या आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. मी तिथे नोकरी केलेली नाही. परंतु ज्या बायकांना आपण प्रतिज्ञा पाठ करायला लावतो त्यांना व्याज मनातल्या मनात मोजता येते, हे नव्या अधिकाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगितले, तर त्याची त्यांच्याशी बोलण्याची रीतच बदलेल.

तेरीज

मी एका वित्तीय कंपनीच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागात नऊ वर्षे काम केले आहे, त्यामुळे माझा अनुभव थोडा दुसऱ्या बाजूचा आहे. आम्ही न सांगता शाखेत जात असू, केंद्राच्या बैठकीत मागे बसत असू आणि महिलांच्या हातातली कर्जकार्डे संगणकातल्या नोंदींशी ताडून पाहत असू. गैरव्यवहार सापडत, पण त्यांतले बहुसंख्य चोरीच्या इच्छेतून झालेले नव्हते, हे मी जबाबदारीने लिहितो.

सर्वांत अधिक वेळा सापडणारी गोष्ट म्हणजे अधिकाऱ्याने स्वतःच्या खिशातून भरलेला हप्ता. एका बाईचे मूल दवाखान्यात असते, तिचा हप्ता येत नाही, गटातल्या इतर चौघी या वेळी भरायला तयार नसतात. शाखाधिकारी मात्र संध्याकाळी शंभर टक्के वसुली मागत असतात. मग हा तेवीस वर्षांचा मुलगा स्वतःचे हजार-बाराशे रुपये घालतो आणि पुढच्या आठवड्यात तिच्याकडून परत घेऊ असे ठरवतो. पुढच्या आठवड्यात अशा दोघी होतात. चार महिन्यांनी तो एका केंद्राचे पैसे दुसऱ्या केंद्रात भरत असतो, आणि मी त्याच्यासमोर वही उघडून बसलेलो असतो. अशा एका मुलाने मला विचारले होते, "सर, पहिल्या दिवशी मी थकबाकी दाखवली असती तर मला कोणी काही म्हटले नसते का?" त्याला म्हटले गेले असते, हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

म्हणून रिझर्व्ह बँकेच्या १४ मार्च २०२२ च्या निर्देशांतला एक भाग प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याने वाचावा असे मला वाटते. १ एप्रिल २०२२ पासून ते लागू झाले. वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज म्हणजे सूक्ष्म वित्त (मायक्रोफायनान्स) कर्ज, आणि त्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपलीकडे जाता कामा नयेत, ही त्यांतली मुख्य तरतूद सर्वांना पाठ असते. परंतु त्याच निर्देशांत असेही म्हटले आहे की क्षेत्रीय कर्मचाऱ्यांना कुटुंबाचे उत्पन्न आणि आधीची कर्जे यांची चौकशी कशी करायची याचे प्रशिक्षण द्यावे, ग्राहकांशी योग्य वर्तन कसे करावे हे प्रशिक्षणात असावे, आणि कर्मचाऱ्याचे ग्राहकांशी असलेले वर्तन त्याच्या मोबदल्याच्या रचनेतही विचारात घ्यावे. म्हणजे केवळ कर्जवाटप आणि वसुली यांवर प्रोत्साहन भत्ता ठरवणे हे या तरतुदीच्या आशयाला धरून नाही. माझ्या अहवालांत मी हे दोनदा लिहिले होते.

वसुलीची ठरलेली जागा सोडून कर्जदाराच्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी जायचे असेल, तर ती बाई ठरलेल्या जागी लागोपाठ किमान दोनदा आलेली नसली पाहिजे, असाही नियम त्यात आहे. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ च्या नंतर तिला फोन करता येत नाही. तिच्या नातेवाइकांना त्रास देता येत नाही, तिचे नाव जाहीर करता येत नाही. रात्री आठला "आत्ताच्या आत्ता फोन लाव" असे वरिष्ठ सांगत असतील, तर ते आपल्याला नियम मोडायला सांगत आहेत, एवढे तरी नव्या मुलाला कळायला हवे.

कर्वेनगर

माझा अनुभव सूक्ष्म वित्ताचा नाही, म्युच्युअल फंड आणि विमा विकणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीचा आहे, तरी थोडक्यात लिहितो. आम्हाला म्युच्युअल फंड वितरकांसाठी असलेली एनआयएसएमची, म्हणजे राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेची, पाच-अ क्रमांकाची परीक्षा तीन आठवड्यांत उत्तीर्ण व्हायची होती. परीक्षा दोन तासांची असते आणि ५० टक्के गुण लागतात. अभ्यासक्रम खरोखर चांगला आहे आणि त्यातली जोखमीविषयीची प्रकरणे मला आजही उपयोगी पडतात. मात्र परीक्षा झाल्यावर पहिल्याच सोमवारी आमच्या गटप्रमुखांनी सांगितले की मुदत ठेव मोडायला आलेल्या ज्येष्ठ नागरिकांची यादी घ्या आणि त्यांना विमा द्या. पुस्तकात ग्राहकाला काय झेपेल ते आधी तपासा असे शिकलो होतो आणि कार्यालयात मार्च महिन्याचे उद्दिष्ट शिकलो. दीड वर्षात मी ती नोकरी सोडली. तेरीज यांनी लिहिलेला मोबदल्याचा मुद्दा शहरातल्या कार्यालयांनाही तितकाच लागू आहे.

शिकवणी

हा धागा मी दोन दिवस वाचत होते. मी सहा वर्षे एका सूक्ष्म वित्त कंपनीत प्रशिक्षक होते आणि माझ्या वर्गातून काही शे मुले बाहेर पडली, त्यामुळे उत्तर देणे माझे कर्तव्य आहे.

पैनगंगाकाठ यांच्या एका मताशी मी सहमत नाही. ज्येष्ठ सहकाऱ्याच्या गाडीवर मागे बसून मिळते तेच खरे शिक्षण, हे आपल्या बाबतीत खरे ठरले, कारण आपल्याला चांगला माणूस लाभला. मी शाखांत पाठवलेल्या कित्येक मुलांना ज्येष्ठांनी पहिल्या आठवड्यात जे शिकवले ते असे होते: तीन दिवसांचे सीजीटी वीस मिनिटांत उरकून टॅबवर तीन वेगवेगळ्या दिवसांचे फोटो कसे दाखवायचे, उत्पन्नाच्या रकान्यात कोणता आकडा भरला की अर्ज अडकत नाही, आणि जीआरटीच्या आधी बायकांकडून उत्तरे कशी पाठ करून घ्यायची. मार्गावरचा गुरू वाईट निघाला तर वर्गात शिकलेले सर्व धुऊन जाते. म्हणून नव्या मुलाला कोणाच्या मागे बसवायचे, हे शाखेच्या सोयीने न ठरवता विचारपूर्वक ठरवले पाहिजे आणि त्या ज्येष्ठाला त्या महिन्यात कमी केंद्रे दिली पाहिजेत. मी हे मागितले होते. मिळाले नाही.

आता वर्गाविषयी. मी रुजू झाले तेव्हा सर्व पाठ इंग्रजी पडद्यांवर होते. परभणी, हिंगोली, वाशीमकडून आलेली मुले ते वहीत अक्षरशः उतरवून घेत आणि त्यांना अर्थ विचारला तर मान खाली घालत. मी सर्व पाठ मराठीत लिहून काढले, आणि सर्वांत आधी व्याजाचा पाठ लिहिला, कारण तिथे चूक झाली तर अधिकारी गावात नकळत खोटे बोलतो. तीस हजारांचे कर्ज, दोन वर्षांची मुदत, आणि 'सरसकट १२ टक्के' व्याज घ्या. सरसकट म्हणजे संपूर्ण तीस हजारांवर दोन्ही वर्षे व्याज, म्हणून ७,२०० रुपये. एकूण ३७,२०० आणि महिन्याचा हप्ता १,५५० रुपये. पण बाई दर महिन्याला मुद्दल फेडत असते, तीस हजार तिच्याकडे पूर्ण काळ राहतच नाहीत. शिल्लक मुद्दलावर मोजले तर तोच १,५५० रुपयांचा हप्ता वर्षाला २१.५ टक्क्यांहून थोडा अधिक दर दाखवतो. मुले हे पहिल्यांदा मांडून पाहत तेव्हा वर्गात बराच वेळ कोणी बोलत नसे. एका मुलाने सांगितले की त्याच्या आईने असेच सरसकट दराचे कर्ज घेतले होते आणि तो स्वतः ते बारा टक्क्यांचे समजत होता.

आपल्या भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते. कर्ज नाकारण्याचा सराव मी वर्गात दोन-दोन मुलांना समोरासमोर बसवून घेत असे. एक जण कर्ज मागणारी ताई, दुसरा अधिकारी. पहिल्या प्रयत्नात जवळजवळ प्रत्येक मुलगा दोष दुसऱ्यावर ढकलायचा: "कंपनीने नाकारले", "सिस्टिम घेत नाही", "वरून आले नाही". यात त्याला सुटल्यासारखे वाटते, पण ती बाई दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीकडे जाते, कारण तिला कारण कळलेलेच नसते. मग मी त्यांना चार गोष्टी करायला सांगत असे. नकार केंद्रात सर्वांसमोर द्यायचा नाही, घरी द्यायचा. अर्ज बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर तिच्यासोबत हिशेब मांडायचा, आणि आकडे आपण सांगायचे नाहीत, तिला सांगू द्यायचे. चालू हप्त्यांची बेरीज तिच्या उत्पन्नाच्या निम्म्याशेजारी लिहायची. आणि निघताना पुन्हा कधी येणार ते सांगायचे, आणि त्या दिवशी खरोखर जायचे. शेवटची गोष्ट सर्वांत कठीण, कारण ज्या घरातून वाटप होणार नाही तिथे दुसऱ्यांदा जायला उद्दिष्टाच्या तक्त्यात जागाच नसते.

पैनगंगाकाठ

शिकवणीताई, आपले म्हणणे मला पटले. माझ्या सुदैवाचा मी नियम करून टाकला होता. माझ्याच शाखेत दुसऱ्या एका ज्येष्ठाच्या मागे बसलेला मुलगा वर्षभरात नोकरीवरून गेला, आणि तो माझ्यापेक्षा हुशार होता, हे आपली टिप्पणी वाचल्यावर मला आठवले. तेरीज यांनी वर्णन केलेले खिशातले हप्ते मीही दोनदा भरले आहेत. ते कोणाला कळले नाही, पण दुसऱ्या वेळी ती रक्कम परत मिळाली नाही आणि त्या महिन्यात घरी पैसे कमी पाठवताना मी आईला कारण सांगू शकलो नाही.

नवखा

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातला आहे, बी.कॉम. झालो आहे आणि मला एका मायक्रोफायनान्स कंपनीचे नेमणूकपत्र आले आहे. त्यात रुजू होताना दहावी, बारावी आणि पदवीच्या मूळ गुणपत्रिका जमा कराव्यात असे लिहिले आहे. स्वतःची दुचाकी हवी आहे. घरी वडील म्हणतात की पैसे जवळ बाळगायची नोकरी नको, आणि दुसरी नोकरी हाताशी नाही. आपण सर्वांनी एवढे प्रामाणिकपणे लिहिले आहे म्हणून विचारतो, मी रुजू व्हावे का? आणि रुजू होण्याआधी काय विचारून घ्यावे?

तेरीज

नवखा, सर्वप्रथम मूळ गुणपत्रिका देऊ नका. पडताळणीसाठी दाखवा आणि स्वतःच्या सहीच्या छायाप्रती द्या. मूळ कागद अडकवून ठेवलेली मुले नोकरी सोडू शकत नाहीत, पुढच्या परीक्षेचा अर्ज भरू शकत नाहीत, आणि दबावाखाली नको त्या गोष्टी करतात. हे मी तपासणीत अनेकदा पाहिले आहे. नम्रपणे सांगितले तर पुष्कळदा कंपनी ऐकते. आग्रहच धरला तर निदान प्रत्येक कागदाचा उल्लेख असलेली, शिक्का मारलेली पोच घ्या.

मग रोकड. दिवसाच्या शेवटी रोकड कमी भरली तर ती कोणी भरायची, वाटेत लूट झाली तर विमा कोणाच्या नावाने आहे आणि अशा प्रसंगी पगारातून कपात होते का, हे लेखी विचारा. केंद्रात पैसे महिलांसमोर मोजा, नोटांचा तपशील तिथेच लिहा आणि केंद्रप्रमुख ताईंची सही घेतल्याशिवाय उठू नका. एक-दोन मिनिटे जास्त लागतात. ज्यांनी ही सवय मोडली नाही त्यांच्या शाखेत मला कधी रात्री थांबावे लागले नाही. जवळ रोकड असताना रोज एकाच वेळी एकाच रस्त्याने परतू नका आणि मिळेल तिथे बँकेत किंवा ठरलेल्या केंद्रावर दुपारीच भरणा करा. आपल्या वडिलांची काळजी योग्य आहे.

माणदेशी

पेट्रोलचा भत्ता किलोमीटरवर मिळतो की ठरावीक रकमेत, हेही विचारा. आमच्याकडे ठरावीक रक्कम होती आणि जत भागातली गावे इतकी दूरदूर आहेत की महिन्याच्या वीस तारखेनंतर पेट्रोल माझ्या पगारातून जात असे. साप्ताहिक सुट्टी खरोखर मिळते का, हे त्या शाखेत आज काम करणाऱ्या एखाद्याला शाखेबाहेर भेटून विचारा. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा खाते क्रमांक, पहिल्या पगारासोबत मागून घ्या आणि दर महिन्याला रक्कम जमा होते की नाही ते स्वतः पाहत जा.

रुजू व्हावे का, याविषयी माझे उत्तर होय असे आहे, पण एका अटीवर. पहिले सहा महिने झाल्यावर स्वतःला विचारा की आपण अर्जात एखादा खोटा आकडा भरला आहे का. भरला असेल आणि तो भरल्याशिवाय तिथे राहता येत नसेल, तर कंपनी बदला. या कामाने मला जे दिले ते मी दुसरीकडे शिकले नसते. दुष्काळी गावातली बाई शेळ्या, मजुरी आणि शिलाई मिळून घर कसे चालवते याचा हिशेब मला आज तोंडपाठ आहे, आणि आता मी ज्या सहकारी पतसंस्थेत काम करते तिथे कर्जसमितीत माझे मत त्यामुळेच विचारले जाते.

शिकवणी

नवखा, आपल्या भागात सोयाबीन, कापूस आणि तूर ही पिके कधी निघतात आणि बायकांना मजुरी कोणत्या महिन्यांत मिळत नाही, याचा तक्ता रुजू होण्याआधी आपल्या घरातल्या बायकांना विचारून तयार करा. हप्ता वर्षभर सारखाच असतो, उत्पन्न सारखे नसते. मार्च ते मे या महिन्यांत जो अधिकारी हे लक्षात ठेवून कर्जाची रक्कम ठरवतो, त्याची केंद्रे टिकतात. हा तक्ता कोणतीही कंपनी आपल्याला देणार नाही.

नवखा

सर्वांचे मनापासून आभार. काल कंपनीच्या विभागीय कार्यालयात जाऊन आलो. मूळ गुणपत्रिका देणार नाही असे सांगितल्यावर त्या अधिकाऱ्यांनी आधी नकार दिला, पण मी पोच मागितल्यावर छायाप्रती ठेवून घेतल्या. रोकडविम्याची माहिती तोंडी मिळाली, लेखी मागितली आहे. आईने आणि काकूंनी मिळून महिन्यांचा तक्ता करून दिला. त्यात ज्येष्ठ महिन्यासमोर काकूंनी "पेरणी, हातात काहीच नाही" असे लिहून घ्यायला सांगितले. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला रुजू होतो आहे.

पैनगंगाकाठ

आमच्या भाच्याचा काल रात्री पुन्हा फोन आला. शिकवणीताईंनी लिहिलेले मी त्याला वाचून दाखवले होते. शाखेतल्या दुसऱ्याच आठवड्यात तो एका गृहभेटीला गेला. ताईंना तीस हजार हवे होते. त्याने अर्ज पिशवीतच ठेवला आणि वहीचे मागचे पान उघडून त्यांनाच आकडे विचारले. दोन कंपन्यांचे हप्ते २,६०० आणि २,१५०, बचत गटाचे ६००, मिळून ५,३५०. घरात सगळ्यांचे मिळून महिन्याला अकरा हजारांच्या आसपास येतात, त्याचे निम्मे साडेपाच हजार. नवा हप्ता १,५५० चा. त्या ताईंनी बेरीज त्याच्याआधी केली आणि "मग तर बसत नाही," असे त्याच म्हणाल्या.

त्याने पुन्हा कधी येऊ असे विचारले. एका कंपनीचे कर्ज जानेवारीत संपते आणि तोवर तूरही निघालेली असते, तेव्हा या, असे त्यांनी सांगितले. त्याने तारीख वहीत लिहून घेतली आहे. शाखाधिकाऱ्यांनी संध्याकाळी त्या भेटीसमोर शून्य वाटप अशी नोंद पाहून कारण विचारले, आणि त्याने वहीचे तेच पान त्यांच्यासमोर ठेवले. ते काय म्हणाले, असे मी विचारले. त्यांनी पान वाचले, काही न बोलता त्यावर सही केली आणि दुसऱ्या दिवशीच्या मार्गाविषयी बोलू लागले, असे तो म्हणाला.